बिनघुंगराची गाडी

दोन गाड्या आल्या त्या दिवशी वसाहतीत जी भांडणं लागली, तशी पाच वर्षांत कधी लागली नव्हती. अहो, आमटीत मीठ जास्त पडलं तरी इथली म्हातारी माणसं आठ-आठ दिवस अबोला धरायची. इथं तर दोन गाड्या दारात उभ्या होत्या आणि ठेवायची त्यांतली एकच होती.

वसाहत म्हणजे मुळशीच्या धरणाकाठी, डोंगराच्या उतारावर बांधलेल्या बत्तीस खोल्या. मुंबईच्या एका गिरणीच्या शेठनं आपल्या निवृत्त कामगारांसाठी त्या बांधल्या होत्या. हवा चांगली, पाणी चांगलं, पण बांधताना शेठ म्हाताऱ्यांचे गुडघे विसरला. भोजनघर वर, दवाखाना त्याहून वर, आणि एस.टी.चा थांबा पाऊण मैल खाली. चढउतार करून जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी १९६३ सालच्या वैशाखात शेठनं गोऱ्या साहेबांच्या कुठल्याशा क्लबातून दोन छोट्या उघड्या गाड्या मिळवल्या. साहेब लोक म्हणे काठीनं चेंडू लांब टोलवायचे आणि मग गाडीत बसून त्या चेंडूपाशी जायचे.

"चालायचं न्हवतं तर इतका लांब मारला कशाला?" चंद्राबाईनं विचारलं. चंद्राबाई गिरणीच्या दवाखान्यातली जुनी सुईण. तोंडानं फाटकी, पण अडल्यानडल्याला पहिली धावणारी.

एक गाडी पेट्रोलवर चालणारी, दुसरी बॅटरीवर. 'आठ दिवस दोन्ही चालवून बघा, पटेल ती ठेवा, दुसरी लॉरीनं परत धाडा,' अशी शेठची चिठ्ठी होती. निवड करायची होती हैबतरावानं, कारण तो तीस वर्षं गिरणीच्या वीजखात्यात फिटर होता आणि यंत्राची नाडी त्याला कळायची. माणूस सरळ, पण हेकट. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी त्याचं हो व्हायचं नाही. पोटी मूल नाही, म्हणून तो आणि बायको तुळजाबाई, दोघं म्हातारपणी इथं येऊन राहिली होती.

पेट्रोलची गाडी आधी चालवून बघितली. ती सुरू झाली की डोंगर दुमदुमायचा आणि भोजनघराच्या ताटांवर धूर यायचा. तुळजाबाईला तिच्यात बसवलं, तर दोनशे पावलांवर ती उतरली आणि कडुनिंबाखाली बसून भडाभडा ओकली. तिला पेट्रोलचा वास मुळीच सोसत नसे.

"ओकू दे, पोट साफ हुतंय," चंद्राबाई म्हणाली. "पर गाडी येतीय ते धा घरं आधी कळतंय. ती बॅटरीवाली माघनं येऊन कवा तंगड्यांत शिरंल, पत्ता न्हाई लागायचा."

झालं! निम्मी वसाहत चंद्राबाईच्या बाजूला गेली. उरलेल्या निम्म्यांना झोप प्यारी होती, त्यांना बॅटरीचीच हवी होती. दुसऱ्या दिवशी हैबतरावानं बॅटरीची गाडी छपरातून बाहेर काढायला सांगितली, तर गडी कुशाबा जागचा हलेना.

"दाजी, ही मी न्हाई चालवायचा."

"का रं? वीज चावतीय व्हय?"

"आवाज न्हाई हिला," कुशाबा म्हणाला. "ह्या रस्त्यानं बिनआवाजाची गाडी कुणाची येती, ते मी सांगायचं व्हय तुमास्नी? तुमच्याच दाराला आलती की."

हैबतरावाचं तोंड एवढंसं झालं. त्याला दाजी म्हणायचा हक्क कुशाबाला होता, कारण कुशाबा तुळजाबाईच्या माहेरचा, उंबरशेतचा. आणि उंबरशेत पाण्याखाली होतं. वसाहतीतून जाणारा रस्ता मुळात वसाहतीचा नव्हताच. तो उंबरशेतचा जुना गाडीरस्ता. शेवटच्या खोलीवरून तो पुढं जायचा, जांभळाच्या झाडाला वळसा घालायचा आणि तसाच धरणाच्या पाण्यात उतरायचा. वैशाखात पाणी हटलं की त्याची आणखी पन्नास-साठ पावलं उघडी पडायची.

आता ती जुनी गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. छत्तीस वर्षांमागं हैबतराव पौडाजवळच्या आपल्या गावी शेती करत होता. लग्नाला चार वर्षं झालेली. येत्या पावसाळ्यात उंबरशेत बुडणार हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. गाव उठायच्या आधी लेकीनं एकदा माहेर डोळ्यांखालून घालावं म्हणून तुळजाबाईच्या आईनं थोरल्या लेकाला, बहिरूला, मुराळी म्हणून धाडलं. बहिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. तो दारात आला की सासुरवाशिणीला आभाळ ठेंगणं होतं. पण बहिरूच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा नव्हत्या. आजी वारून दोन महिने झाले होते, आणि उंबरशेतची रीतच तशी होती: घरात मयत झालं की वर्षभर गाडीच्या बैलांची घुंगरं उतरवून ठेवायची. सुतकाची गाडी गुपचूप येते, गुपचूप जाते.

हैबतरावाची आई म्हणाली, अशा गाडीत लेकीबाळी बसवू नयेत. आणि हैबतराव म्हणाला, "भाताच्या वाफ्यात राब भाजायचा हाय, हाताखाली मानूस न्हाई. फुडल्या वर्साला बघू." पुढल्या वर्षी! अरे शहाण्या, पुढल्या वर्षी गाव कुठं राहणार होतं? बहिरूनं बैलांना पाणी पाजलं, दाराआड उभ्या बहिणीकडं एकवार पाहिलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. त्याच महिन्यात तापाची साथ आली. तिच्यात आई गेली, मागोमाग बहिरू गेला. दोघांना गावच्या ओढ्याकाठी अग्नी दिला आणि पावसाळ्यात त्या राखेवरून पाणी गेलं. तुळजाबाईनं नवऱ्याला यावरून एका शब्दानं बोल लावला नाही. तेच हैबतरावाला जन्मभर डाचत राहिलं. ती भांडली असती, चार भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं.

"खुळचट कुठला," हैबतराव कुशाबावर खेकसला आणि स्वतःच चाकामागं बसला. शेजारी तुळजाबाईला बसवलं. चावी फिरवली, पायानं दाबलं, आणि गाडी निघाली. खरोखरच आवाज नव्हता. चाकाखालची माती तेवढी कुरकुरत होती. तुळजाबाईच्या चेहऱ्यावर असं सुख हैबतरावानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती दांडीला धरून ताठ बसली होती आणि वाटेतल्या झाडांकडं ओळखीच्या माणसांकडं बघावं तशी बघत होती.

जांभळाच्या वळणावर गाडी आपोआप थांबली.

हैबतरावानं पाय दाबला. काही नाही. चावी काढून पुन्हा फिरवली, बॅटरीचा काटा बघितला. काटा भरलेला होता. त्यानं आसन उचलून तारा चाचपल्या, सगळं जागच्या जागी.

"थांबू द्या की वाईच," तुळजाबाई म्हणाली. "बैलं दमली असतील."

हैबतराव हसला. बायको थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं, तर ती हसत नव्हती. ती खाली पाण्याकडं बघत होती. थोड्या वेळानं गाडी पुन्हा मुकाट्यानं सुरू झाली आणि दोघं परत आली. त्या दिवशी हैबतरावाला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी छपराबाहेर, रस्त्याच्या मधोमध उभी होती, तोंड पाण्याकडं करून. "ब्रेक सैल हाय," हैबतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि दोन तास खपून त्यानं ब्रेक आवळला. शिवाय पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दगड बाजूला, एकावर एक नीट रचून ठेवलेले होते. आणि चाकं ओली. वैशाखाचा फुफाटा रस्त्यावर घोट्याघोट्याएवढा, अन् चाकांच्या खाचांत काळा, थंडगार गाळ भरलेला. हैबतरावानं तो बोटावर घेतला, हुंगला. ओढ्याकाठच्या शेवाळाचा वास आला त्याला. भीती वाटली. पण निवृत्त फिटरनं ते बोलून दाखवायचं कुणाला? त्यानं फडकं घेतलं आणि कुणी उठायच्या आत चाकं पुसून काढली.

सहाव्या दिवशी तर कहरच झाला. तो चहा पिऊन येतो तो तुळजाबाई गाडीचं आसन उचलून, तांब्यानं बॅटरीच्या घरांत पाणी ओततेय. पाणी साधंसुधं नाही, धरणावरून भरून आणलेलं.

"अगं, अगं, काय करतीस? असलं पाणी चालत न्हाई तिला! बॅटरी मरंल!"

"लांबनं आल्यात," तुळजाबाई म्हणाली. "दारात आलेल्या बैलास्नी आधी पाणी दावावं. तुमी न्हाई दावलं तर मी दावते."

हैबतराव डोक्याला हात लावून बसला. त्याच्या हिशेबानं बॅटरी जाणारच होती. दुपारी काटा बघितला तर काटा भरलेला, आणि गाडी पूर्वीपेक्षा हलकी चाललेली. आता मात्र तो उठला आणि कुशाबाच्या झोपडीत गेला. हेकट माणूस स्वतःहून विचारायला आला, यावरूनच कुशाबा काय ते समजला.

"दाजी, रिकामी धाडल्याली गाडी असती ती," कुशाबा म्हणाला. "ती परत येती. दुसऱ्यांदा रिकामी धाडली तर तिसऱ्यांदा येती. तुमी ही बॅटरीवाली परत देऊन टाका शेठला, ह्यो खेळ करू नगा. आन समजा आमच्या लेकीला धाडायचीच पाळी आली, तर दिस बांधून धाडा. अमक्या वारी आणून घाला, असं तोंडानं म्हना. दिस बांधला की मुराळी चुकत न्हाई. दिस न बांधता धाडल्याल्या लेकी माहेरालाच ऱ्हात्यात."

"समजलं," हैबतराव म्हणाला. निघताना त्यानं मनाशी ठरवलं की पेट्रोलची ठेवायची, बॅटरीची आठ दिवस भरले की लॉरीत घालायची, आणि तोवर बॅटरीच्या गाडीची चावी आपल्या खिशातून काढायची नाही. बायकोला पेट्रोलच्या वासानं ओकारी आली तर येवो. ओकारीनं माणूस जात नाही.

सातवा दिवस. भर बाराची वेळ. ही वेळ मध्यरात्रीहून वाईट, असं जुनी माणसं म्हणतात ते उगीच नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. सगळी वसाहत जेवून दारं लोटून पडली होती. हैबतरावाला जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. तो बाहेर आला. गाडी त्यांच्या ओट्यासमोर उभी होती. डावीकडच्या आसनावर तुळजाबाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. चाकामागं कुणी नव्हतं. पण त्या आसनाचं कातडं मधोमध दबलेलं होतं, कुणी बसल्यावर दबतं तसं.

हैबतरावानं घाईनं खिसा चाचपला. चावी होती. त्याच्या जिवात जीव आला.

"कुटं निघालीस एवढ्या उन्हाची?"

"मुराळी आलाय," तुळजाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा. "जाऊ का मी? मागल्या टायमाला तुमी न्हाई म्हनलात. म्हनून इचारते."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं तो विषय काढला होता. तोही भांडायला नाही, परवानगी मागायला! हैबतरावाच्या काळजात कळ आली. केवढीशी पोर होती ती तेव्हा, दाराआड उभी, ओच्यानं डोळे पुसत. आणि आपण राबाचं कारण सांगितलं. राब काय, दोन दिवसांनी भाजला असता. आता ही म्हातारी झाली, भ्रम झालाय बिचारीला. एक शब्द गोड बोललो तर काय बिघडतं? चावी तर आपल्या खिशात आहे. घटकाभर गाडीत बसेल, मन निवेल, मग हाताला धरून आत नेऊ.

"जा," तो म्हणाला. "खुशाल जा."

"किती दिस ऱ्हाऊ?"

कुशाबानं सांगितलेलं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण छत्तीस वर्षांनी माहेरी निघालेल्या बायकोशी दिवसांची घासाघीस करायची? आणि खिशातली चावी बोटांना टोचत होती.

"तुझं मन भरंस्तोवर ऱ्हा," हैबतराव म्हणाला.

तुळजाबाईनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. आणि गाडी निघाली.

खिशात चावी, आणि गाडी निघाली! हैबतराव ओट्यावरच थिजला. मग पायात वहाणा नसताना तसाच तापल्या फुफाट्यातून धावला. "थांब! अगं थांब! तीन दिस! तीन दिसांनी ये!" तो ओरडला, पण धावता धावता शब्द तुटत होते, गाडीपर्यंत पोचत नव्हते. पुढं गाडी कसलाही आवाज न करता उतरत होती. जांभळापाशी तुळजाबाईनं मागं वळून पाहिलं. बाईच्या तोंडावर राग नव्हता, दुःख नव्हतं. सोळा वर्षांची होती तशी दिसली ती त्याला, म्हणजे त्यानं पुढं तसं सांगितलं. मग वळण आलं. तो वळणावर पोचला तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. पाण्यावर एक रेघसुद्धा उमटलेली नव्हती.

त्याच्या बोंबा ऐकून माणसं धावली. होड्या आल्या, गळ टाकले, पोलीस आले. काठापासून पन्नास पावलं पाणी जेमतेम कमरेएवढं, तरी काही सापडलं नाही. लुगडं नाही, चप्पल नाही, भाकरीचं फडकंही नाही. आणि गाडी? गाडी चंद्राबाईला दिसली. अंधार पडताना ती कंदील आणायला छपराकडं गेली, तर बॅटरीची गाडी आपल्या जागेवर उभी, चार्जिंगची तार लावलेली, दोन्ही आसनं कोरडी ठणठणीत. त्या सुईणीनं जन्मभर नाना तऱ्हेचे जीव येता-जाताना पाहिले होते, पण ती कंदील न घेताच आल्या पावली माघारी फिरली.

पोलिसांनी लिहिलं की बाई चालत जाऊन बुडाली. हैबतरावानं त्यावर अंगठा नाही, सही केली, कारण त्याला सही येत होती. दुसरं काय करणार होता? दिवसभर तो ओट्यावर बसून राही आणि एकच गोष्ट स्वतःला विचारी. मी 'जा' म्हणालो ते मनापासून म्हणालो, की चावी खिशात होती म्हणून म्हणालो? कधी वाटे मनापासून. कधी वाटे, नाही रे, तू तिला दुसऱ्यांदाही फसवायलाच निघाला होतास.

तेराव्यानंतर शेठची लॉरी आली. सगळी वसाहत अंगणात जमली, पण यावेळी भांडण नव्हतंच. बॅटरीच्या बाजूची माणसंसुद्धा त्या गाडीकडं पाठ करून उभी होती. व्यवस्थापकानं कागद पुढं केला. "हैबतराव, सही तेवढी तुमची. बॅटरीची परत, पेट्रोलची ठेवली, असंच लिहिलंय मी."

"खोडा ते," हैबतराव म्हणाला. "पेट्रोलची चढवा लॉरीत."

तशी चंद्राबाई कडाडली, "खुळावला का काय, हैबतराव? जिनं बायको नेली ती अवदसा दारात ठिवताय?"

"मी तिला दिस बांधून दिला न्हाई, बाई," हैबतराव म्हणाला. लोकांसमोर त्यानं बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, ते आता घेतलं. "उद्या तुळजाचं मन भरलं, तर ती यील कशानं? पेट्रोलच्या गाडीत तिला बसवत न्हाई."

कुशाबा पुढं झाला आणि त्यानं हैबतरावाच्या दंडाला धरलं. व्यवस्थापकानं कागदावरची ओळ खोडली. लॉरी पेट्रोलची गाडी घेऊन गेली, आणि तिचा आवाज ताम्हिणीच्या बाजूला बराच वेळ येत राहिला.

तेव्हापासून वसाहतीतली म्हातारी माणसं धापा टाकत चढ चढतात, दर दहा पावलांवर थांबतात, पण त्या गाडीत पाय ठेवत नाहीत. एकटा हैबतराव रोज भर बाराला ती बाहेर काढतो, डावीकडची जागा झटकतो आणि जांभळाच्या वळणापर्यंत जातो. तिथं गाडी थांबते. खाली रस्ता उघडा असतो, उतरून जावं म्हटलं तर अडवणारं कुणी नसतं. पण तो उतरत नाही. बोलावणं आल्याशिवाय जावयानं सासुरवाडीला जायचं नसतं, आणि त्याला बोलावणार कोण?